निकालाचा मटका आणि पट्टीतले ‘इतर’

निकाल काय लागला हे पक्कं ठाऊक असताना निकालाच्या दिवसाचा टीव्ही एकदा बघून पाहा. निवेदकाची धाप तीच, ‘सर्वात आधी आमच्याकडे’ ही ग्वाही तीच, स्टुडिओत बसलेले आठ विद्वानही तेच. गेलेली असते ती फक्त तुमची उत्सुकता. ती गेली की लक्षात येतं, या बारा तासांत विकायला तेवढा एकच माल होता.

आम्हा दांडीकरांना या उद्योगासाठी पावसाळा हक्काचा. १ जूनला मासेमारी बंद होते, बोटी वर घेतल्या जातात, फाटकी जाळी दुरुस्तीला निघतात आणि शेजारी मोबाइल चालू असतो. कुणी क्रिकेटचे जुने सामने लावतं, कुणी दादा कोंडक्यांचे सिनेमे. मी इंटरनेटवर चढवलेले जुने निवडणूक निकाल लावतो. पुतण्या विचारतो, ‘‘काका, कोण निवडून आलं ते ठाऊक आहे ना? मग बघता काय?’’ त्याला सांगतो, कोण निवडून आलं ते कशाला बघू, कोण काय काय ठोकून देत होतं ते बघतोय.

(दांडी म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाची नव्हे, ती गुजरातेत. ही पालघर तालुक्यातली, बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राला खेटलेली. एका अंगाला तारापूरचं अणुकेंद्र, दुसऱ्या अंगाला नवापूर, जिथून तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी समुद्रात जातं. टीव्हीला आमची ओळख करून द्यावी लागते, म्हणून सांगितलं.)

आधी ‘जुनं ते सोनं’वाल्यांचा हिशेब करून टाकू. त्यांचं म्हणणं असं, की दूरदर्शनच्या काळात निकालाला शिस्त होती, भाषा होती, प्रणय रॉय आणि विनोद दुआ होते. होते ना. १९८४ आणि १९८९ चे तुकडे मीही आवडीने बघतो. मतपत्रिका हाताने मोजायच्या, त्याला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागायचे, आणि मधला वेळ भरायला दूरदर्शन हिंदी सिनेमे लावायचं. रॉय शांतपणे ‘स्विंग’ म्हणजे काय ते शिकवायचे, दुआ त्यात मीठ-मिरची घालायचे. कुणी कुणाच्या अंगावर ओरडायचं नाही. पण ही सभ्यता सरकारी मालकीच्या घरात नांदत होती, हे विसरून कसं चालेल? प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं. त्याआधीची तऱ्हा आठवायची तर २० मार्च १९७७ ची रात्र आठवा. इंदिरा गांधी रायबरेलीत पडत होत्या आणि लोक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेरच्या फलकांपुढे गर्दी करून उभे होते, कारण सरकारी आकाशवाणीच्या तोंडून ते लवकर ऐकायला मिळेल यावर कुणाचा भरवसा नव्हता. तेव्हा सोनं वगैरे राहू द्या.

एका गोष्टीचं श्रेय मात्र त्या काळाला द्यायला हवं. तेव्हा नावं वाचली जायची. मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांत मतदारसंघाचं नाव, विजयी उमेदवाराचं नाव, पक्ष, मग पुढचा मतदारसंघ. कंटाळवाणं होतं, पण त्या कंटाळ्यात डहाणू येत असे. आमचा मतदारसंघ तेव्हा डहाणू. १९७७ ला माकपचे लहानू कोम, नंतर काँग्रेसचे दामोदर शिंगडा, १९९६ ला भाजपचे चिंतामण वनगा. वर्षातून नव्हे, पाच वर्षांतून एकदा का होईना, आपल्या भागाचं नाव देशाच्या यादीत कुणीतरी नीट उच्चारत असे. आता पडद्याखालच्या पट्टीवर नाव नसतं, पक्षाचा रंग असतो.

१३ मे २००४ बघा. खासगी वाहिन्यांच्या भरभराटीचा तो पहिला मोठा निकाल. आधीचे कित्येक दिवस ‘इंडिया शायनिंग’चं सरकार परत येणार म्हणून मतदानोत्तर चाचण्या आकडे फेकत होत्या. भाजप १३८ वर अडकला, काँग्रेस १४५ वर गेली. आज त्या दिवसाचे तुकडे बघताना मजा येते ती चेहऱ्यांची. सकाळी जो विश्लेषक वाजपेयींच्या पुढच्या मंत्रिमंडळात कोण कोण असेल ते सांगायला आला होता, तोच दुपारी ग्रामीण भारताचा रोष समजावून सांगतोय. कपडे तेच, खुर्ची तीच. मधे एकदाही ‘मी चुकलो’ नाही. ग्रामीण भारत त्याला अकरा ते एकच्या दरम्यान कुठे भेटला, हे विचारायला निवेदकाला सवड नाही.

मग २००९. मतदारसंघांची फेररचना झाली, पालघर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ झाला, आणि तोवर स्टार माझा, झी चोवीस तास, आयबीएन लोकमत अशा मराठी वृत्तवाहिन्याही आल्या होत्या. मराठी माणसाला वाटलं, आता आपलं आपल्याला दिसेल. १६ मे २००९ च्या पट्ट्या बघा. काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप, शिवसेना आणि शेवटी एक करडा चौकोन: ‘इतर’. आमचे खासदार बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव त्या चौकोनात होते. अख्ख्या पालघर मतदारसंघाने निवडून दिलेला माणूस दिवसभर ‘इतर’ म्हणून झळकला. आमच्याच जिल्ह्यात डहाणूला विनोद निकोले २०१९ ला माकपचे आमदार झाले, २०२४ ला पुन्हा झाले, राज्याच्या विधानसभेत त्या पक्षाचे एकटेच. तेही पट्टीत ‘इतर’. आदिवासी, मच्छीमार, कामगार भागाने मुख्य रंगांपेक्षा वेगळं काही निवडलं की पडद्यावर त्याला नावच उरत नाही. आणि ‘नोटा’ तर करड्या चौकोनातही बसत नाही. २०१९ ला पालघर लोकसभेत २९ हजारांहून जास्त लोकांनी ‘यांतलं कुणीच नको’ म्हणून बटण दाबलं. राज्यातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी तो एक. तो आकडा पट्टीवर कधी सरकलेला मला सापडला नाही.

आता खरी मजा. एका माणसाचे निकाल ओळीने लावून बघा: राजेंद्र गावित. २००९, पालघर विधानसभा, काँग्रेस, विजयी, पुढे राज्यमंत्री. १९ ऑक्टोबर २०१४, पुन्हा काँग्रेस, शिवसेनेच्या कृष्णा घोडांकडून ५१५ मतांनी पराभूत. पाचशे पंधरा! एका मतदान केंद्राच्या यादीत याहून जास्त नावं असतात. पण त्या दुपारी वाहिन्यांना पालघरकडे बघायला वेळ कुठला? भाजप १२२ वर थांबला होता आणि राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांनी त्याला बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. बारा तासांतले बाकीचे तास त्यावर गेले. पुढे कृष्णा घोडांचं निधन, २०१६ ची पोटनिवडणूक, गावित काँग्रेसकडून पुन्हा पराभूत. ३१ मे २०१८, लोकसभेची पोटनिवडणूक, गावित भाजपकडून विजयी. २३ मे २०१९, गावित शिवसेनेकडून विजयी. २३ नोव्हेंबर २०२४, मधे भाजपला एक वळसा घालून, गावित शिंदेंच्या शिवसेनेकडून पालघर विधानसभेत विजयी.

सहा निकाल, तीन-चार रंग, माणूस एक. प्रत्येक वेळी निवेदक ओरडतोय: काँग्रेसचा गड, भाजपची मुसंडी, शिवसेनेचा झेंडा. सलग बघितलं की गड कुणाचा, मुसंडी कुणी मारली आणि झेंडा कशाला लावला, काही कळेनासं होतं. मी गावितांना दोष देत नाही. त्यांचं राजकारण त्यांच्यापाशी. मी विचारतोय ते पडद्यावर रंग भरणाऱ्यांना. ‘पालघर भाजपकडून शिवसेनेकडे’ असं तुम्ही २०१९ ला मोठ्या अक्षरांत दाखवलंत. जागावाटपात भाजपने ती जागा शिवसेनेला दिली आणि जागेबरोबर बसलेला खासदारही देऊन टाकला, घर विकताना पंखे भिंतीलाच राहू द्यावेत तसा. मतदाराच्या मनात काय उलथापालथ झाली म्हणून तुम्ही तासभर चर्चा घेतलीत? मतदार जागेवरच होता. उठले होते ते दुसरेच.

२०१८ ची पोटनिवडणूक तर या प्रकाराचा नमुनाच म्हणून अभ्यासाला लावावी. चिंतामण वनगा ३० जानेवारीला गेले. साधं राहणारा, आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेला खासदार. मेच्या सुरुवातीला त्यांचा मुलगा श्रीनिवास शिवसेनेत गेला, लगोलग काँग्रेसचे माजी मंत्री गावित भाजपमध्ये गेले, आणि राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष आमच्या अंगणात एकमेकांच्या उरावर बसले. मतदानाच्या दिवशी यंत्रं बंद पडल्याच्या तक्रारी झाल्या. ३१ मेला निकाल: गावित २९,५७२ मतांनी पुढे. मराठी वाहिन्यांची त्या दिवसाची चित्रफीत लावा. उद्धव ठाकरे काय म्हणाले, देवेंद्र फडणवीस काय म्हणाले, प्रचारात गाजलेल्या ध्वनिफितीत साम-दाम-दंड-भेद कुणी कुणाला म्हटलं, युती राहणार की तुटणार. दिल्लीच्या वाहिन्यांना त्या दिवशी उत्तर प्रदेशातलं कैराना महत्त्वाचं. पालघर खालच्या पट्टीत.

आमच्याकडे ३१ मे म्हणजे हंगामाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून बंदी. त्या दिवशी किनाऱ्यावर एखादा कॅमेरा आला असता तर सातपाटीपासून झाईपर्यंत त्याला कुणीही सांगितलं असतं, की इथे वाढवणला होऊ घातलेलं बंदर, बुलेट ट्रेनसाठी जाणारी जमीन आणि तारापूरचं रासायनिक पाणी हे तीन प्रश्न आहेत, आणि या तिन्हींवर रिंगणातले उमेदवार काय करणार ते विचारा. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ सालीच सांडपाण्याचा प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित लवादात गेली होती. मासे मिळत नाहीत म्हणून मच्छीमार कोर्टाची पायरी चढतो, ही बातमी नव्हती. दोन पक्षप्रमुखांनी एकमेकांना टोमणे मारले, ही बातमी होती. श्रीनिवास वनगांवर त्या महिन्यात किती भावुक कार्यक्रम झाले! ते २०१९ ला आमदार झाले, २०२४ ला उमेदवारी नाकारली गेल्यावर कॅमेऱ्यापुढे रडले, मग काही काळ कुणाच्या संपर्कात नव्हते. तेव्हाही कॅमेरे धावले. रडणारा माणूस मिळाला की धावायचं, एवढा नियम त्यांना पाठ आहे.

२४ ऑक्टोबर २०१९ ची गंमत वेगळी. भाजप १०५, शिवसेना ५६. दिवसभर सगळीकडे एकच मथळा: महायुतीचं सरकार. उपमुख्यमंत्री कोण, कुठलं खातं कुणाला, याची वाटणी स्टुडिओतच उरकली. बरोबर महिन्याभराने, २३ नोव्हेंबरच्या भल्या सकाळी फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला, ते सरकार ऐंशी तासांत आटोपलं, आणि मग उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ज्या सरकारचं बारा तास अभिनंदन केलं ते कधी आलंच नाही. निकालाच्या दिवशी लोकांनी दिलेला कौल सांगता येतो. पुढे काय होणार ते सांगता येत नाही. हे वाक्य एकाही विद्वानाने उच्चारलं असतं तर मी त्याचा फोटो घरात लावला असता.

आणि ४ जून २०२४. १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधाऱ्यांना साडेतीनशे-चारशे जागा वाटून टाकल्या होत्या. ३ जूनला शेअर बाजार अडीच हजार अंकांनी उसळला, ४ जूनला जवळपास ४,३९० अंकांनी कोसळला. भाजप २४०, काँग्रेस ९९. म्हणजे या बडबडीची किंमत असते, आणि ती बडबड करणारा भरत नाही. एका चाचणीवाल्या संस्थेचे प्रमुख प्रदीप गुप्ता स्टुडिओत रडले. चला, त्यांना निदान रडू तरी आलं. बाकीचे रात्री नऊच्या चर्चेला हजर होते. त्या दिवशी पालघरमध्ये भाजपचे हेमंत सवरा १ लाख ८३ हजारांनी जिंकले, राज्यात महाविकास आघाडीने ३० जागा घेतल्या असताना. किनारपट्टी उलटी का गेली, हा दहा मिनिटांचा तरी विषय होता की नाही? मी जेवढं पाहिलं त्यात तो नव्हता, आणि ‘वाढवण’ हा शब्दही नव्हता. पंधरा दिवसांनी, १९ जूनला, केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पंतप्रधान पालघरला येऊन पायाभरणी करून गेले. आमच्या समुद्राचा निकाल असा लागला, आणि तो निकालाच्या दिवशी पट्टीवर नव्हता.

त्याच वर्षी हरियाणाच्या मोजणीनंतर मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी एक गोष्ट सांगितली. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्राची निवडणूक जाहीर करतानाच ते बोलले: सकाळी आठ वाजून पाच-दहा मिनिटांनी वाहिन्या जी आघाडी दाखवतात ती बकवास असते. मोजणी आठला टपाली मतांनी सुरू होते, यंत्रं साडेआठला उघडतात, पहिली फेरी पूर्ण व्हायलाही वेळ लागतो. मग आठ-पाचला पडद्यावर नाचणारे आकडे येतात कुठून? बातमीदाराच्या अंदाजातून, चाचणीच्या फुगवट्यातून, शेजारच्या वाहिनीच्या पडद्यावरून. मटकाही बरा होता. रतन खत्रीचा आकडा आला की आला. सकाळी एक आकडा काढून दुपारी ‘कल बदलला’ म्हणायची सोय त्याच्याकडे नव्हती.

हे दुखणं आपलंच आहे असं नाही. २००० साली अमेरिकी वाहिन्यांनी फ्लोरिडा संध्याकाळी अल गोरना देऊन टाकलं, मग काढून घेतलं, मध्यरात्रीनंतर बुशना दिलं, पहाटे तेही काढून घेतलं. पण पुढचा भाग बघा. सीएनएनने बाहेरच्या तिघांना बसवून स्वतःच्या त्या रात्रीचा अहवाल लिहून घेतला, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये वाहिन्यांच्या प्रमुखांना संसदेच्या समितीपुढे बसून उत्तरं द्यावी लागली. नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट विद्यापीठ १९६८ पासून रात्रीच्या बातम्या चित्रमुद्रित करून जपतंय. ब्रिटनची बीबीसी पार्लमेंट वाहिनी दशकांपूर्वीच्या निवडणूक रात्री अख्ख्याच्या अख्ख्या पुन्हा दाखवत आली आहे, चुकांसकट. आपल्याकडे प्रणय रॉय यांनी २०१५ ला बिहारचा निकाल सकाळी उलटा सांगितला आणि नंतर जाहीर माफी मागितली, हे अपवाद म्हणूनच लक्षात राहतं. आपल्या वाहिन्यांचे जुने निकाल मला सापडतात ते कुणा हौशी माणसाने टीव्हीसमोर कॅमेरा धरून टिपलेले, अर्धवट, पंख्याच्या आवाजासकट. ज्यांनी प्रक्षेपण केलं त्यांना ते पुन्हा दाखवायची हौस नाही. का नाही ते उघड आहे.

एक तांत्रिक मुद्दा उरतो, आणि तो गावापुरता फार मोठा आहे. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र कालवून मग मोजायची तरतूद होती, निवडणूक नियमांतला ५९अ. कुठल्या गावाने कुणाला मत दिलं हे कळू नये, म्हणून. यंत्रं आली आणि मोजणी केंद्रनिहाय झाली. यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ ला सुचवलं, विधी आयोगाने २०१५ ला उचलून धरलं. केंद्र सरकारने मानलं नाही. परिणाम असा, की दांडीच्या कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते प्रत्येक उमेदवाराच्या खिशात असतं. ‘तुमच्याकडून मतं आली नाहीत’ हे रस्ता मागायला गेलेल्या गावाला तोंडावर ऐकवता येतं. पुढाऱ्याला आमचा हिशेब माहीत, आणि आम्हाला टीव्हीने दिवसभर दाखवला तो करडा चौकोन.

म्हणून वाहिन्यांच्या संपादकांना एक मागणी. पुढच्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी मागच्या मोजणीच्या दिवसाचा तुमचाच एक तास, न कापता, जसाच्या तसा दाखवा. चर्चेला तेच विद्वान बोलवा. त्यांना बोलू देऊ नका, फक्त बसवून बघायला लावा.

ते करणार नाहीत. तेव्हा वाचकहो, तुम्ही करा. पुढच्या निकालाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा टीव्ही बंद ठेवा. आयोगाच्या संकेतस्थळावर पहिली फेरी तेव्हाच कुठे भरली जात असते. आणि गुलाल धुऊन झाल्यावर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून ‘नमुना २०’ उतरवून घ्या. त्यात मतदान केंद्रागणिक प्रत्येक उमेदवाराची मतं छापलेली असतात, नोटासकट. तुमच्या गावाचा आकडा तिथे आहे.